पॅलो ड्युरो आणि कॅप्रॉक कॅन्यन्स: कॅम्पिंगला निघण्याआधी सगळे विचारतात ते प्रश्न

टेक्सासात आलेला प्रत्येक मराठी माणूस पहिल्या वर्षी म्हणतो की इथे बघायला काही नाही, सगळं सपाट. मग कुणीतरी पॅलो ड्युरो किंवा कॅप्रॉक कॅन्यनचा (म्हणजे उभ्या कड्यांच्या खोल दरीचा) फोटो टाकतो आणि मला मेसेज यायला लागतात. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय. फी आणि वेळा बदलतात, त्या निघायच्या आधी टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफच्या साइटवर बघून घ्या, बाकीचं इथे आहे.

१. ही नॅशनल पार्क्स आहेत का? आमच्याकडे वर्षाचा नॅशनल पार्क पास आहे, तो चालेल ना?

नाही आणि नाही. दोन्ही स्टेट पार्क्स आहेत, म्हणजे टेक्सास राज्याची, त्यामुळे अमेरिका द ब्युटिफुल पास इथे दाखवलात तर गेटवरचा माणूस हसून परत देईल. राज्याचा वेगळा वार्षिक टेक्सास स्टेट पार्क्स पास आहे. वर्षातून तीनचार वेळा कुठल्याही स्टेट पार्कला जाणार असाल तर तो घ्याच, पैसे लगेच वसूल होतात. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश फुकट आहे.

लोक दोन गोष्टींत गोंधळतात. एक, कॅम्पसाइटचं रात्रीचं भाडं वेगळं आणि माणशी रोजची एंट्री फी वेगळी, बुक करताना फक्त भाडं बघून "अरे स्वस्त आहे" म्हणू नका. दोन, पास ज्याच्या नावावर आहे तो ज्या गाडीत बसलाय त्या गाडीतल्या सगळ्यांची एंट्री माफ होते, मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीची नाही. मित्राला पास देऊन पुढे पाठवणं वगैरे प्रकार चालत नाहीत.

२. दोन्हीपैकी एकच करता येणार आहे, कुठलं करू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि माझं उत्तर ठरलेलं आहे: बघायला पॅलो ड्युरो, राहायला कॅप्रॉक.

पॅलो ड्युरो ही अमेरिकेतली दुसऱ्या नंबरची मोठी कॅन्यन मानतात, सुमारे १२० मैल लांब आणि साधारण ८०० फूट खोल. अमरिलो शहराहून येताना अगदी शेवटच्या मिनिटापर्यंत दोन्ही बाजूंना सपाट रान दिसतं आणि मग एकदम जमीनच संपते. तो क्षण बघण्यासारखा आहे, प्रश्नच नाही. पण पार्क १९३४ पासून उघडं आहे, सगळ्यांना माहीत आहे, वीकेंडला गर्दी असते, शेजारच्या साइटवरचा स्पीकर ऐकत झोपायची तयारी ठेवा.

कॅप्रॉक त्या मानाने लहान आणि बाजूला पडलेलं, जवळचं गाव किटीक्वे म्हणजे दहा मिनिटांत बघून होणारं. पण तिथे कड्यांचे रंग जास्त तापलेले लाल आहेत, रात्री खरा काळोख असतो, आणि बायसनचा (अमेरिकेतल्या रानगव्यांचा) कळप पार्कात मोकळा फिरतो. सकाळी तंबूबाहेर कचाकच गवत तोडल्याचा आवाज येतो आणि चेन थोडीशी उघडून बघावं तर समोर एक तपकिरी भिंत चरत असते. (अशा वेळी चेन परत लावून गप्प बसायचं, का ते प्रश्न ९ मध्ये.)

आणि चार दिवस असतील तर दोन्ही करा, मधलं अंतर दोन तासांच्या आसपास आहे. क्लॉड ते सिल्व्हर्टन हा २०७ नंबरचा रस्ता घ्या, तो पॅलो ड्युरोच्याच कॅन्यनमधून खाली उतरून वर चढतो आणि पुढे ट्यूल कॅन्यनमधूनही जातो. जीपीएस कधीकधी दुसरा रस्ता सुचवतो, त्याचं ऐकू नका.

३. कधी जावं?

ऑक्टोबर, नोव्हेंबरचा पहिला अर्धा भाग, आणि मार्च-एप्रिल. मार्चमधला स्प्रिंग ब्रेकचा आठवडा मात्र टाळा.

उन्हाळ्यात शाळांना सुट्टी म्हणून लोक जूनजुलैत जातात. कॅन्यनच्या तळाला तापमान १०० फॅरनहाइटच्या बरंच वर जातं, लाल दगड दुपारभर तापलेले असतात आणि सावली जवळपास नाहीच. पुण्या-नागपूरचा उन्हाळा काढलेली माणसं "आम्हाला सवय आहे" म्हणतात, पण नागपुरात आपण दुपारी दोन वाजता उघड्यावर सहा मैल चालायला जात नाही हे विसरतात.

हिवाळा थंड आहे, रात्री शून्य सेल्सियसच्या खाली, अधूनमधून बर्फ. चांगली स्लीपिंग बॅग असेल आणि थंडी आवडत असेल तर जानेवारीत अख्खं पार्क तुमचंच असतं. लाल कड्यांवर पांढरा बर्फ बघायला मिळाला तर नशीब समजा. वसंतात वारा आणि वादळं, त्याबद्दल प्रश्न १३.

४. बुकिंग किती आधी करायचं? नुसतं दिवसभरासाठी जायचं तरी लागतं का?

कॅम्पसाइट पाच महिने आधीपासून बुक करता येते आणि ऑक्टोबरचे वीकेंड लवकर भरतात, म्हणून मे महिन्यात कॅलेंडरला रिमाइंडर लावा. दिवसभराचा डे पास साधारण एक महिना आधी मिळतो. लागतोच असं नाही पण पार्क भरलं की गेट बंद करतात, आणि सहा तास ड्राइव्ह करून गेटवरून परत फिरण्यात काय मजा.

काहीच मिळालं नाही तर रोज सकाळी साइट बघत राहा. लोक शेवटच्या आठवड्यात भरपूर कॅन्सल करतात, विशेषतः हवामानाचा अंदाज खराब आला की. कॅन्सल करताना थोडी फी कापतात पण तरी करा, येणार नसाल तर साइट अडवून ठेवू नका.

५. डॅलसहून किती तास? आणि ह्यूस्टनहून वीकेंडला होईल का?

डॅलसहून २८७ नंबरचा हायवे धरा, विचिटा फॉल्स, चिल्ड्रेस करत. कॅप्रॉकला जायचं तर एस्टेलीनला डावीकडे वळून ८६ नंबरने टर्की गावातून किटीक्वे, एकूण पाच तासांच्या आसपास. पॅलो ड्युरोला सहा. २८७ वर छोटी गावं लागली की स्पीड लिमिट धाडकन खाली येते आणि पोलीस तिथेच उभे असतात, एवढं लक्षात ठेवा.

ह्यूस्टनहून नुसतं जायलाच नऊ-दहा तास. शनिवार-रविवारात अजिबात करू नका, लाँग वीकेंड पकडा आणि त्याला एक सुट्टी जोडा. पेट्रोल चिल्ड्रेसला भरून घ्या. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनीही चार्जिंग हायवेवरच्या मोठ्या गावात उरकावं, किटीक्वेच्या भरवशावर राहू नये.

६. कुठली साइट घ्यावी? नकाशात सगळ्या सारख्याच दिसतात.

सारख्या नाहीत. पॅलो ड्युरोत ज्युनिपर, सेजब्रश, मेस्कीट, हॅकबेरी अशा नावांचे कॅम्पग्राउंड आहेत, जवळजवळ सगळे कॅन्यनच्या तळाला. पाणी आणि वीज असलेल्या साइटवर आरव्ही (आत राहायची सोय असलेल्या मोठ्या गाड्या) उतरतात, मग जनरेटर नसला तरी एसीचा आवाज येतो. तंबूत राहायचं असेल तर फक्त पाणी असलेली साइट बघा. तंबू नकोच असेल तर कड्यावर तीन जुन्या दगडी केबिन आहेत, १९३० च्या दशकात सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअर या सरकारी रोजगार योजनेतल्या बेकार तरुणांनी बांधलेल्या, आत जाणारा रस्तासुद्धा त्यांनीच काढला. खिडकीतून सरळ कॅन्यन दिसते, आणि म्हणूनच त्या मिळणं महामुश्कील.

कॅप्रॉकला पहिल्यांदा जाणाऱ्यांनी, लहान मुलं असलेल्यांनी हनी फ्लॅट घ्यावं, पाणी-वीज आहे, बाथरूम जवळ आहे. थोडा अनुभव असेल तर साउथ प्राँग, गाडी लावून सामान थोडं चालत न्यायचं आणि समोर कडे. तिथे प्यायचं पाणी नसतं, सगळं बरोबर न्यायचं. नॉर्थ प्राँग अजून आत आहे, पाठीवर सॅक घेऊन चालणाऱ्यांसाठी. घोडा असेल तर वाइल्ड हॉर्स, पण मला अजून कुणी मराठी घोडेस्वाराने विचारलेलं नाही.

७. आम्ही चार फॅमिली आहोत, एका साइटवर भागेल का?

नाही. एका साइटवर जास्तीत जास्त आठ माणसं, आणि त्यात पोरंही मोजतात. शेजारशेजारच्या दोन-तीन साइट घ्या किंवा ग्रुप साइट मिळते का बघा. रात्री दहानंतर शांतता पाळायची असते आणि रेंजर खरंच येऊन सांगतात. अंताक्षरी दहाला बंद.

८. लाइटहाउस ट्रेल मुलांना जमेल का? पाणी किती न्यायचं?

लाइटहाउस म्हणजे पॅलो ड्युरोतला तो ३१० फूट उंच दगडी सुळका, सगळ्या फोटोंत दिसतो तो. जाऊन-येऊन सहा मैलांच्या जवळपास. बहुतेक वाट सपाट आहे त्यामुळे लोकांना वाटतं सोपं आहे, पण सावली जवळजवळ नाही आणि शेवटचा तुकडा खडा चढ, हातांनी धरून चढायचा. आठ-नऊ वर्षांचं चालणारं मूल असेल तर थंडीच्या दिवसांत आरामात होतं. स्ट्रोलर नको.

पाण्याचं मात्र नीट वाचा. माणशी तासाला एक लिटर, म्हणजे या ट्रेलला कमीत कमी तीन-चार लिटर प्रत्येकी, वाटेत एक थेंब मिळत नाही. "एक बाटली आहे, दोघांत पुरेल" म्हणणारी माणसं मी पार्किंगमध्ये दर वेळी बघतो. या पार्कात उष्माघाताच्या केसेस सगळ्यात जास्त याच ट्रेलवर होतात आणि कुत्रे तर मरतातच, कारण माणसाला बूट असतात, त्यांना नाही. उजाडताना सुरू करा, दहाच्या आत परत या. निघाल्यावर अर्धं पाणी संपलं की जिथे असाल तिथून मागे फिरा, सुळका किती जवळ दिसतोय ते बघू नका. मीठ-साखर-लिंबू घातलेलं पाणी किंवा इलेक्ट्रोलची पुडी बरोबर असू द्या, नुसतं पाणी पिऊन पिऊनही त्रास होतो.

ओढ्याचं पाणी पिऊ नका. तिथल्या दगडात जिप्सम आहे, ते पाण्यात उतरतं, आणि फिल्टर मारला तरी विरघळलेलं जिप्सम निघत नाही.

९. बायसन समोर आला तर काय करायचं?

आधी अंतर. किमान ५० यार्ड, म्हणजे फुटबॉल ग्राउंडची अर्धी लांबी, आणि पिल्लं बरोबर असतील तर त्याहून जास्त. नर २००० पाउंडापर्यंत भरतो आणि दिसायला सुस्त असला तरी ताशी ३० मैलांच्या वर पळतो. आपल्याला लहानपणापासून म्हशीच्या पाठीवर हात फिरवायची सवय, त्यामुळे भीतीच वाटत नाही, आणि तोच सगळा घोळ आहे. हे पाळीव नाही.

शेपटीकडे बघा. खाली लोंबत, माशा हाकलत असेल तर तो निवांत आहे. शेपटी वर उभी राहिली की तुम्ही फार जवळ आलात, पाठ न फिरवता हळूहळू मागे सरका. ट्रेलवर बसलेला असेल तर वाट सोडून लांबून वळसा घाला नाहीतर परत फिरा. "थांबून बघू, उठेल" म्हणाल तर तो तीन तास रवंथ करत बसेल. साइटवर आला तर गाडीत जाऊन बसा, तो जाईपर्यंत चहा गार झाला तर होऊ दे. गाडी चालवताना रस्त्यात आला तर हॉर्न मारू नका, इंजिन चालू ठेवून थांबा. रात्री पार्कात अगदी हळू चालवा, काळोखात तपकिरी जनावर डांबरावर बसलेलं दिसतच नाही.

जुलै-ऑगस्ट माजाचा काळ, तेव्हा नर एकमेकांशी भिडतात, हुंकार लांबून ऐकू येतात. एप्रिल-मेमध्ये नारिंगी रंगाची पिल्लं. दोन्ही वेळा आया आणि नर दोघंही चिडके. मुलांना साइटवरसुद्धा नजरेआड सोडू नका. आणि तंबू ठोकायच्या आधी जमीन बघून घ्या, शेण असतं.

१०. हा कळप जंगलीच आहे की कुठून आणून सोडलाय?

दोन्ही. १८७० च्या दशकात कातड्यासाठी बायसनची अशी कत्तल झाली की दक्षिणेकडच्या मैदानात कोट्यवधींचे मोजके उरले. १८७८ साली चार्ल्स गुडनाइट या रँचवाल्याने उरलेली काही पिल्लं पकडून पॅलो ड्युरोतल्या जेए रँचवर वाढवली, आणि श्रेय बहुतेक लोक त्याची बायको मेरी अ‍ॅन ऊर्फ मॉली हिला देतात, आग्रह तिचा होता. गंमत अशी की चार वर्षंच आधी, २८ सप्टेंबर १८७४ ला, याच कॅन्यनमध्ये कर्नल मॅकेन्झीच्या घोडदळाने कोमांची, कायोवा आणि शायान या इथल्या मूळ जमातींच्या छावण्या जाळल्या होत्या आणि त्यांचे हजारावर घोडे ट्यूल कॅन्यनमध्ये गोळ्या घालून मारले होते. बायसन नाही, घोडे नाहीत, म्हणजे मैदानावर राहणंच संपलं. २०७ च्या रस्त्याने गेलात तर ट्यूल कॅन्यन लागते, थांबा थोडं.

जेए रँचने तो कळप १९९७ साली राज्याला दिला आणि कॅप्रॉकला आणला. आधी कुंपणात होता, २०११ पासून पार्कात मोकळा. आज याला टेक्सास स्टेट बायसन हर्ड म्हणतात. दक्षिणेकडच्या मैदानी बायसनचं रक्त राखून असलेला हा कळप आहे, म्हणून कौतुक.

११. साप? अस्वल? कोयोटी?

अस्वलाची काळजी इथे करू नका. रॅटलस्नेक आहेत, एप्रिल ते ऑक्टोबर. बघितल्याशिवाय दगडाखाली हात घालायचा नाही, संध्याकाळी टॉर्चशिवाय बाथरूमला जायचं नाही, बूट झटकून घालायचे. खुळखुळा ऐकू आला तर जागेवर थांबून तो कुठे आहे ते बघा, मग मागे व्हा. कोयोटी रात्री ओरडतात, मुलं घाबरतात आणि मग आयुष्यभर तेच सांगतात, त्रास काही देत नाहीत.

कॅप्रॉकला प्रेरी डॉगची वसाहत आहे, शिट्ट्या मारत उभे राहतात, मुलं तिथून हलत नाहीत. पण खायला घालायचं नाही आणि हातही लावायचा नाही, त्यांच्या अंगावर पिसवा असतात. पॅलो ड्युरोत कड्यांवर वळलेल्या शिंगांचे अउदाद (एक जातीचे रानमेंढे) दिसतात, ते मूळचे उत्तर आफ्रिकेतले, १९५० च्या दशकात शिकारीसाठी आणून सोडले. टेक्सास हॉर्न्ड लिझर्ड दिसला तर फोटो काढा, उचलू नका, संरक्षित आहे. रोडरनर पक्षी तर पार्किंगमध्येच भेटतो.

१२. स्वयंपाक करता येतो ना? शेगडी, भाकरी वगैरे?

करता येतो, साइटवर टेबल आणि शेकोटीचं कडं असतं. पण पॅनहँडलमध्ये, म्हणजे टेक्सासच्या या उत्तरेकडच्या टोकात, आगीचं फार गंभीर प्रकरण आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमरिलोच्या उत्तरेला लागलेल्या स्मोकहाउस क्रीक आगीत दहा लाख एकरांवर जळून गेलं, टेक्सासच्या इतिहासातली सगळ्यात मोठी. त्यामुळे काउंटी (म्हणजे इथला जिल्हा) बर्न बॅन, म्हणजे आग पेटवायला बंदी, लावते आणि तो लागला की लाकूड आणि बहुतेक वेळा कोळसाही बंद. दोन पार्क वेगळ्या काउंटीत आहेत, एकीकडे बॅन असेल आणि दुसरीकडे नसेल असं होतं, म्हणून निघताना दोन्हीकडे फोन करा. बंद करायचं बटण असलेला प्रोपेन स्टोव्ह साधारणपणे चालतो, तो न्याच. पार्कातली वाळकी लाकडं गोळा करायला बंदी आहे, सरपण विकत घ्या.

वारा असतो, भाकरी फुगवायचा नाद सोडा. घरून थालीपिठं, दशम्या, दाण्याची चटणी, आणि तिथे फक्त मेतकूट-भात किंवा खिचडी. उरलेलं अन्न आणि कचरा रात्री गाडीत, टेबलावर ठेवलेला शेवेचा डबा रॅकून उघडतात.

१३. पावसाचा अंदाज आहे, कॅन्सल करू का?

नुसती भुरभुर असेल तर नाही. वादळाचा इशारा असेल तर हो, मी करतो. पॅलो ड्युरोत रस्ता ओढा ओलांडत जातो, वर कुठेतरी जोरात पाऊस पडला की तुमच्याकडे ऊन असतानाही खाली लोंढा येतो. पाणी रस्त्यावरून वाहत असेल तर गाडी घालायची नाही, तासाभरात उतरतं बहुतेक वेळा. पाऊस पडून गेल्यावर ती लाल माती बुटाला अशी चिकटते की पाय उचलत नाही, आणि ट्रेल बंद करतात.

वारा तर रोजचाच. तंबूबरोबर येतात त्या बारीक खुंट्या विसरा, लांब लोखंडी खुंट्या घ्या, आणि फिरायला जाताना मोठा कॅनोपी मिटवून ठेवा. आत रेंज जवळपास नाही, तेव्हा हवामान निघायच्या आधी बघा आणि ऑफिसबाहेरचा बोर्ड वाचा.

१४. आई-बाबा भारतातून आलेत, गुडघे दुखतात. त्यांना काय दाखवू?

पॅलो ड्युरोच. व्हिजिटर सेंटर कड्याच्या टोकावर आहे, तिथून सगळी कॅन्यन दिसते, पायऱ्या-चढ फार नाही. मग पार्कचा रस्ता गाडीने खाली उतरून फेरी मारून वर येतो, सगळं मिळून १६ मैल, मध्ये थांबायच्या जागा भरपूर. उतार तीव्र आहे, लो गिअरमध्ये उतरा. राहायला कॅन्यन गावात किंवा अमरिलोत हॉटेल घ्या, तुम्ही तंबूत आणि ते हॉटेलात असंही करता येतं.

१५. बिअर, कुत्रा, ड्रोन: काय काय चालतं?

दारू उघड्यावर पिणं आणि दाखवणं दोन्हीला टेक्सासच्या स्टेट पार्कात बंदी आहे. लोक काय करतात ते मला विचारू नका, नियम हा आहे. कुत्रा चालतो, सहा फुटांच्या आत पट्टा, एकटा सोडायचा नाही. बायसन जवळ असताना कुत्रा भुंकला तर प्रश्न ९ सगळा उलटा होतो, म्हणून कॅप्रॉकला नेऊ नका असं माझं मत. आणि लाइटहाउसला उन्हात तर नकोच. ड्रोन दोन्हीकडे घरीच ठेवा.

१६. वटवाघळांचा बोगदा म्हणतात तो कुठे आहे? वेगळं तिकीट लागतं?

कॅप्रॉकच्या ट्रेलवेवर. जुन्या रेल्वेलाइनचे रूळ काढून चालायची-सायकलची वाट केली आहे, तिच्यावर क्लॅरिटी टनेल. उन्हाळ्यात तिथे मेक्सिकन फ्री-टेल्ड वटवाघळं लाखांनी असतात, एप्रिल ते ऑक्टोबर. मंक्स क्रॉसिंगकडून जाऊन-येऊन नऊ-दहा मैल पडतात आणि परतीचा अर्धा रस्ता अंधारात, कारण ती बाहेर पडतात संध्याकाळी. हेडलॅम्प, पाणी, सायकल असेल तर उत्तम. बोगद्यात वास डोळ्यांत जातो, दम्याच्या लोकांनी तोंडाशीच थांबावं. वेगळं तिकीट नाही, पार्कची एंट्री पुरते. ट्रेलवेचे काही भाग अधूनमधून बंद असतात, ऑफिसात विचारून मगच जा.

१७. तो लाल दगड एखादा घरी आणला तर? छोटासाच.

नाही. दगड, पीस, शिंग, जुनी बाणाची टोकं, काहीही उचलायला बंदी आहे. लाल खडक साधारण २५ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत, लोखंडामुळे लाल, आणि मधले पांढरे चमकणारे पट्टे म्हणजे जिप्सम. हातात घेऊन तिरका केला की रेशमासारखा चमकतो, मुलांना दाखवा आणि होता तिथे परत ठेवा. कॅप्रॉकच्या लेक थिओजवळ तर सुमारे १०,००० वर्षांपूर्वी माणसांनी बायसन मारून कापल्याची जागा सापडली आहे, त्यामुळे मातीत काहीही विचित्र दिसलं तर हात न लावता फोटो काढून रेंजरला दाखवा.

१८. ट्रॅफिकमुळे रात्री उशिरा पोचलो आणि गेट बंद असेल तर?

बुकिंग असेल तर दुपारी ऑफिस उघडं असतानाच फोन करा, उशिरा येणाऱ्यांना आत कसं यायचं ते सांगतात. बुकिंग नसेल तर आत जाता येणार नाही, रात्र अमरिलो किंवा चिल्ड्रेसला काढा. साइटवर चेक-इन दुपारी दोनपासून असतं, त्यामुळे खरं तर डॅलसहून सकाळी सातला निघालं की हा प्रश्नच येत नाही.